बोटात अडकलेला बुश

गॅरेजात गाडीला दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं काम चालू होतं आणि त्यासाठीचा स्पिगॉट बुश, म्हणजे शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ती छोटी कडी, तेलात भिजत ठेवला होता. ब्राँझची पावडर दाबून केलेला हा बुश सच्छिद्र असतो. बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये ठेवला की तेल पिऊन घेतो आणि पुढे स्वतःचं वंगण स्वतःच पुरवतो. तो बसतो क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकात आणि त्यात फिरतं गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं नाक. म्हणजे बाहेरचं माप क्रँकचं, आतलं माप गिअरबॉक्सचं. इंजिन एका गाडीचं आणि गिअरबॉक्स दुसरीचा असला की ही दोन मापं पार्टच्या यादीत एकत्र भेटतीलच असं नाही. व्हर्नियर लावून दोन्ही मोजायची आणि लेथवाल्याच्या हातापाया पडून तसा बुश करून घ्यायचा. असा हा नवसाचा बुश काकांनी वाटीतून उचलला आणि बोटात घातला.

काका स्कूटरची क्लच केबल बदलून व्हायची वाट बघत होते. त्यांचा या गाडीशी, या इंजिनाशी, माझ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

"अंगठी काय ही?"

"बुश आहे काका. ठेवा तो, भिजतोय."

"लोखंड भिजवून काय होणार?"

"ब्राँझ आहे."

"तेच ते."

मग त्यांनी तो काढायला घेतला. तेलामुळे आत सर्रकन गेलेला बुश बोटाच्या पेरापाशी येऊन थांबला. काकांनी ओढला, पिळला, हात झटकला. बोट लाल झालं आणि फुगलं. माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मीच त्यांना फसवून तो घातला होता.

"माप चुकलंय तुमचं. भोक लहान झालंय."

"ते शाफ्टचं माप आहे काका, बोटाचं नाही."

"हॅकसॉ आहे का?"

"बुश कापायचा?"

"मग काय बोट कापू?"

यावर काय बोलणार. गॅरेजातल्या पोरानं शिवणाचा दोरा आणला, त्याचं एक टोक बुशखालून सरकवलं आणि उरलेला दोरा पेरापर्यंत घट्ट गुंडाळायला घेतला. खालचं टोक उलगडत ओढलं की बुश एकेक वेढा चढत बाहेर येतो. हे चालू असताना काका बोट पुढे धरून, टीव्हीवर मुलाखत द्यावी तसे निवांत बोलत होते.

"इंजिन बदलायचं म्हणजे चार बोल्टांचं काम. आमच्या मेव्हण्यानं जीपला ट्रॅक्टरचं बसवलं. एका दुपारीत."

"कशी चालते?"

"चालत नाही हो. दारातच उभी आहे." जरा थांबून, "पण बसलंय मात्र फिट्ट."

बुश निघाला, पण त्याआधी काकांनी मी पाठमोरा असताना स्क्रूड्रायव्हर घालून बघितला होता. आतून आडवी रेघ. म्हणजे पुन्हा लेथवाला, पुन्हा २४ तास. स्कूटरला किक मारता मारता काका म्हणाले, "असे पार्ट उघडे टाकत जाऊ नका. लहान मुलं असतात."

सगळ्यात जास्त राग याचा की चार बोल्टांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सिरीज थ्री लँड रोव्हरचं जुनं २२८६ सीसीचं डिझेल काढून पहिल्या डिस्कव्हरीतलं २४९५ सीसीचं २०० टीडीआय बसवतात ते याचसाठी. दोन्ही एकाच खानदानातली. बेलहाउसिंगची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाची, भोकं बहुतेक जुळतात, एखाददुसरा स्टड हलवावा लागतो. परक्या घरचं इंजिन असेल तर मधे जोड द्यायला अडॅप्टर प्लेट आली, आणि मग क्रँकवर डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं मोजमापाचं घड्याळ, लावून बेलहाउसिंगचं मधलं भोक सगळीकडून तपासायचं. काट्याचा एकूण फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत हवा. तो पाळला नाही तर बुश अंडाकृती झिजतो, क्लच दाबूनही गिअर खरखरतो, आणि गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागतो. मेव्हण्यानं डायल गेज लावला होता का, हे विचारायचं राहून गेलं.

बोल्ट आवळून झाले की खरी कटकट सुरू होते. डिस्कव्हरीतल्या इंजिनाचा टर्बो खाली बसतो आणि त्याचा पाइप नेमका जुन्या चासीच्या वाटेत येतो. टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर आणि रेडिएटर शेजारी शेजारी, त्यामुळे पुढचं पॅनल कापणं आलं. संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, आणि पुढचा ॲक्सल यांच्यातलं अंतर गाडी सपाटीवर उभी करून मोजणारे थोर लोक असतात. ते मोजायचं ॲक्सल बंप स्टॉपला, म्हणजे त्याला आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबराला, टेकेपर्यंत वर उचलून. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात संप ॲक्सलवर आपटतो आणि सगळं तेल रस्त्यावर. इंजिन चासीवर धरणारे माउंट आधी नुसते टॅक करायचे, वेल्डिंगच्या ठिपक्यांपुरते. फॅन, पाइप, गिअर लिव्हर, प्रॉपशाफ्टचा कोन सगळं जुळलं की मग पक्कं वेल्डिंग, तेही बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवून.

वायरिंगबद्दल लोक म्हणतात, डिझेलला काय, एक वायर दिली की झालं. ती एक वायर म्हणजे पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची. तिला १२ व्होल्ट मिळाले तरच डिझेल पुढे जातं. पण थंड इंजिन पेटायला आतून तापवणारे ग्लो प्लग? जुन्या सिरीजच्या डिझेलमध्ये चारही प्लग एकामागोमाग एक जोडलेले, माळेत. नव्या इंजिनाचे प्लग प्रत्येकी १२ व्होल्टचे. जुनीच जोडणी ठेवली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३ व्होल्ट येतात. डॅशबोर्डवरचा दिवा इमानदारीत लागतो आणि थंडीत इंजिन ढिम्म हलत नाही. प्लगना समांतर जोडणी, जाड वायर आणि वेगळा रिले लागतो.

आणि हे सगळं वायरिंग येणार कुठून? जुन्या इंजिनांचा धंदा करणारे 'पूर्ण सेट' म्हणून जे देतात, त्यात वायरिंग हार्नेस कनेक्टरला खेटून छाटलेला असतो. दोन इंच वायर सोडली असती तर काय बिघडलं असतं? माउंट नाहीत, इंटरकूलरचे पाइप नाहीत. विचारलं तर 'ते वेगळं मिळेल'. नवरीसोबत दागिने नाहीत इथवर समजू शकतो. इथे नवरीचे पायच वेगळे विकायला ठेवलेत. यात गंमत काही नाही, ही सरळ लूट आहे.

पहिल्यांदा सुरू करताना स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून ठेवायची आणि ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत, स्टार्टरला मधे मधे विसावा देत, इंजिन नुसतं फिरवायचं. टर्बोच्या बेअरिंगला तेल पोचल्याशिवाय इंजिन पेटवलं तर टर्बोचं आयुष्य तिथेच आटपतं. हवा ओढण्याच्या तोंडाजवळ एक जाड फळी घेऊन माणूस उभा करायचा. टर्बोचं सील फुटलेलं असेल तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुसाट सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. हवाच कोंडावी लागते. फळीच हवी, हात नाही. फळीला काका चालणार नाहीत, ते सल्ला देत बसतील.

त्यापुढे डिफरेन्शियल, ॲक्सलमधला चाकांना फिरवणारा गिअरचा डबा. जुन्याचं प्रमाण ४.७, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपशाफ्टचे ४.७ फेरे, त्यामुळे नवं इंजिन ८० च्या वेगातच किंचाळायला लागतं. म्हणून रेंज रोव्हरचे ३.५४ वाले डिफ घालतात. पुढे आणि मागे दोन्हीकडे, कारण फोर व्हील टाकल्यावर दोन ॲक्सलची प्रमाणं वेगळी असली तर ते आपसात भांडून काहीतरी तोडतात. स्पीडोमीटर मात्र डिफच्या आधीच्या ट्रान्सफर बॉक्सवरून (दोन्ही ॲक्सलना जोर वाटून देणारा डबा) चालतो आणि त्याला या बदलाचा पत्ताच नसतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ८० ने पळत असते. लो रेंजमध्ये, म्हणजे चढउतारासाठीच्या हळू गिअरांत, रांगण्याची ताकदही चौथ्या हिश्श्यानं जाते, ते उतारावर कळतं.

ब्रेक तेच जुने, चारही चाकांना ड्रम. ६२ हॉर्सपॉवर थांबवायला केलेले. आता आहेत १११. आखूड गाडीत मागचे हाफशाफ्ट, म्हणजे डिफपासून चाकापर्यंतचे दांडे, १० स्प्लाइनचे (टोकाला दहा खाचा), जोर वाढला की काडीसारखे मोडणारे. ड्रम दाखवा, हाफशाफ्ट दाखवा, कोणी ढुंकून बघत नाही. बॉनेट उघडं दिसलं की जो तो एकच विचारतो, ॲव्हरेज किती देणार?