काळ्या पट्ट्या राहू द्या

मागच्या आठवड्यात साताऱ्याला आईआप्पांकडे होतो. त्यांनी नवा ४३ इंची टीव्ही घेतलाय. रात्री ‘स्वदेस’ लावला. २००४ सालचा हा चित्रपट बराचसा वाईजवळच्या आपल्या मेणवलीत चित्रित झालाय आणि आप्पांचं बालपण वाईत गेलेलं, त्यामुळे तिथला नदीचा घाट त्यांच्या पायाखालचा. थोड्या वेळाने म्हणाले, “अरे, कडेची माणसं अर्धीच दिसतायत. घाटही पुरता दिसत नाही.”

रिमोट घेऊन बघितलं, तर टीव्ही ‘झूम’वर. बसवायला आलेल्या मुलाला आप्पांनीच विचारलं होतं, “वर-खाली काळं का? पैसे पूर्ण टीव्हीचे दिलेत.” त्याने बिचाऱ्याने पडदा भरून दिला.

हे घरोघरी चाललंय आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. टीव्हीचा पडदा १६:९, म्हणजे रुंदी उंचीच्या १.७८ पट. ‘स्वदेस’सारख्या सिनेमास्कोप, म्हणजे जास्त रुंद चौकटीच्या चित्रपटाची रुंदी उंचीच्या २.३५ किंवा २.३९ पट. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटीमीटर रुंद. त्यात असा चित्रपट पुरता बसवला की वर आणि खाली सहा-सात सेंटीमीटर जागा मोकळी राहणारच. ती भरायची म्हणून चित्र मोठं केलं, तर ते १२५ सेंटीमीटरच्या पुढे जातं आणि दोन्ही कडांचं मिळून जवळजवळ पाव चित्र टीव्हीबाहेर पडतं. पट्टीच्या जागी काहीच लपलेलं नसतं हो! तिथे चित्र नव्हतंच.

‘कागज के फूल’ १९५९चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी त्या रिकाम्या स्टुडिओत प्रकाशाचा झोत सोडला, तो भोवतीच्या अंधारासकट बघायचा असतो. किती अंधार ठेवायचा हे त्यांनी ठरवलंय. आपण तो छाटायचा नाही.

जुन्या चित्रपटांचं उलटं. ते जवळपास चौकोनी, म्हणून पट्ट्या डावी-उजवीकडे येतात. तिथे लोक चित्र ताणतात आणि माणूस एक तृतीयांश जास्त रुंद होतो. ‘संत तुकाराम’मधले विष्णुपंत पागनीस असे फुगलेले बघवत नाहीत.

रिमोटवर ‘पिक्चर साइज’ किंवा ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ शोधा, ‘१६:९’ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असेल तर तेही चालू करा, नाहीतर चारही कडा थोड्या थोड्या कापल्या जातात. बरोबर झालं का ते गोल वस्तूवरून कळतं. गाडीचं चाक, भिंतीवरचं घड्याळ गोलच दिसायला हवं.

सेट-टॉप बॉक्सची सेटिंग मात्र वेगळी असते, ती विसरू नका. बॉक्स ‘४:३’वर राहिला तर टीव्हीवर कितीही खटपट केली तरी चित्र सुधारत नाही. आधी बॉक्स ‘१६:९’ करायचा, मग टीव्हीकडे वळायचं.

आप्पांना त्या रात्री पट्ट्यांसकट सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावून दिला, साडेबारापर्यंत बसले होते. आतल्या खोलीतल्या आईच्या जुन्या टीव्हीचा बॉक्स तेवढा राहिलाय. रविवारी परत जातोय, तेव्हा तो नीट करतो. तिला ‘संत तुकाराम’ बघायचाय.