रुंद रस्त्याच्या अलीकडे

रस्तारुंदीची बातमी आमच्या भागात पेपरातून आली नाही, लाल रंगातून आली. टेप आणि रंगाचा डबा घेतलेली माणसं एका सकाळी उगवली. कंपाउंडच्या भिंतींवर, दुकानांच्या पायऱ्यांवर, झालंच तर एका बंद पडलेल्या टेम्पोच्या दारावरही खुणा करून गेली. लगेच मतं तयार झाली. ज्यांच्या भिंतीवर खूण नव्हती ते एकदम विकासाच्या बाजूचे झाले. ज्यांची खूण ओसरीपर्यंत आत आली होती त्यांना पर्यावरण, वारसा आणि राज्यघटना एकाच वेळी आठवली. आमच्या सोसायटीची खूण फाटकाबाहेरच्या अबोलीवरून गेली होती, म्हणून आम्ही तटस्थ.

गरज होती, हे खरंच. जेमतेम 9 मीटरचा रस्ता. त्यावर खडीचे डंपर, पाण्याचे टँकर, शाळांच्या बस, आणि डंपरच्या चाकाला खेटून 'जरा सरकून घ्या' म्हणणारे दुचाकीवाले. दर पावसाळ्यात कुणी ना कुणी घसरायचंच. आराखड्यात मात्र हा रस्ता 24 मीटरचा होता. आराखडा प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आमच्याकडे नव्हता, पण त्याच्या जोरावर इथले निम्मे फ्लॅट विकले गेले होते.

खरी मजा मोबदल्यात झाली. पुढच्या वळणावर एका आजोबांचं कौलारू घर आहे. त्यांना साहेब समजावत होते, की रोख मिळणार नाही, टीडीआर घ्या. जागा आम्ही घेतो, तिच्या बदल्यात बांधकामाचा हक्क कागदावर देतो, तो तुम्ही बिल्डरला विका. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे म्हैस तुम्ही नेणार आणि मला शेजारच्या गोठ्यात धार काढायचा परवाना देणार, असंच ना?" साहेबांकडे यावर परिपत्रक नव्हतं.

त्यामुळे आमचा रस्ता 24 मीटरने ऐटीत येतो, आजोबांच्या घरापाशी पोट आत घेतो आणि पलीकडे पुन्हा फुगतो. याचं आम्हाला फार वाईट वाटत नाही. पुण्यात कात्रज-कोंढवा रस्त्यासारख्या थोरल्या रस्त्याचीही 84 मीटरची रुंदी भूसंपादनाच्या खर्चापुढे 50 मीटरवर आली, तिथं आमचं काय!

वडाचं प्रकरण त्याहून सोपं निघालं. झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्यानुसार हरकती मागवाव्या लागतात, आणि तशी नोटीस त्या झाडावरच लावतात. वडाने ती बरेच दिवस छातीशी धरून ठेवली. हरकती आल्या, फाइल फिरली, आणि एका सकाळी बुंध्याला शेंदूर दिसला. त्यानंतर कुणाच्याही हरकतीची गरज उरली नाही. वड आता दुसऱ्या लेनमध्ये उभा आहे. त्याला रेडियमची पट्टी लावली आहे आणि शनिवारी नारळ फुटतात. त्याच्या पुढे विजेचा खांब आहे, पण त्याला अजून भक्त मिळालेले नाहीत.

अखेर डांबर पडलं, पांढरे पट्टे आले. पहिले काही दिवस रस्ता इतका मोकळा दिसायचा, की लोक रात्री जेवून तो बघायला जात. मग एका कडेला गाड्या लागल्या. त्यांच्या शेजारी कलिंगडाचा टेम्पो, त्याच्या शेजारी पावभाजी, पावभाजी खाणाऱ्यांच्या दुचाकी आणि त्या दुचाकींमुळे अडलेली ड्रायव्हिंग स्कूलची कार. वाहनांना आपली पूर्वीइतकीच जागा राहिली. मात्र सकाळी सहाला, दुकानं उघडण्याआधी, सगळी रुंदी मोकळी असते आणि त्या वेळी डंपर असे येतात, की खिडकीच्या काचा त्यांचा नंबर सांगतात.

आता मूळ दुखण्यावर येते. आमची डेअरी समोरच्या बाजूला आहे. पूर्वी गॅसवर चहाचं आधण ठेवून दूध आणता यायचं. सासूबाईंना तर रस्ता ओलांडण्याची विद्याच अवगत होती. उजवा तळहात वर, नजर सरळ, वेग जराही न बदलता. त्या तळहातापुढे सिमेंटचा मिक्सरसुद्धा थांबलेला मी पाहिला आहे. नव्या रस्त्यावर ही विद्या चालत नाही, कारण तळहात दिसेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते.

सिग्नल आहे ना, असं म्हणाल. आहे. सिग्नलचं गणित मांडताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरतात. फुटपाथ सोडून रस्ता 20 मीटर. आमचा हिरवा माणूस 12 सेकंद चालतो. म्हणजे 14 मीटरपर्यंतची जबाबदारी सरकारची, उरलेल्या 6 मीटरना आपापलं कुलदैवत. शिवाय हे गणित धडधाकट गुडघ्यांचं आहे. सासूबाई दुभाजकावर पोचतात, तिथल्या सुकलेल्या बोगनवेलीची चौकशी करतात आणि पुढच्या हिरव्याची वाट बघतात. तिथं त्यांची भाजीवाल्या बाईंशी रोज भेट होते. दोघींची ओळख दुभाजकावरचीच.

डिसेंबरच्या 11 तारखेला पुण्यात पादचारी दिन असतो. लक्ष्मी रस्ता त्या दिवशी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात. सासूबाईंना घेऊन गेले होते. मनसोक्त चालल्या, मधोमध उभ्या राहून फोटो काढला. पण तिथपर्यंत जायला रिक्षा लागली, आणि ती आजोबांच्या घरापाशी मनसोक्त अडकली.

मी स्वतः आता दूध आणायला स्कूटर काढते. फाटकातून डावीकडे, पार शाळेपर्यंत जाऊन यू-टर्न, परत येऊन डेअरी, मग पुन्हा पुढे जाऊन दुसरा यू-टर्न. वाटेत वड आणि खांब आहेतच. बाजूच्या विंगमधल्या वहिनी कार काढतात, कारण सोबत त्यांचा नातू असतो. घाईतले लोक सरळ राँग साइडने येतात आणि वर आपल्याकडेच रागाने बघतात. थोडक्यात, ज्या रहदारीसाठी रस्ता रुंद केला, तिच्यात आता अर्धा लिटर गाईच्या दुधाची भर पडली आहे.

हे गाऱ्हाणं ह्यूस्टनच्या मावसभावाला फोनवर सांगितलं, तर तो हसला. त्यांच्याकडचा केटी फ्रीवे 2008 मध्ये वाढवून झाला, काही ठिकाणी सेवारस्ते धरून 26 लेनचा. थोड्याच वर्षांत संध्याकाळी घरी पोचायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. 2011 साली दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी मांडून दाखवलं म्हणे, की महामार्ग जेवढे वाढवावेत, गाड्यांचं धावणं जवळपास तेवढंच वाढतं. मी विचारलं, "तुमच्या 26 लेनच्या पलीकडे दूध कसं आणतात रे?" त्याला प्रश्नच कळला नाही.

सध्या पादचारी पुलाची चर्चा जोरात आहे. खालून ट्रक जायचे म्हणून तो साडेपाच मीटर उंच हवा, तेव्हा पायऱ्या भरपूर. लिफ्टची तरतूद आहे, लिफ्ट चालू ठेवण्याची आहे का ते विचारायचं राहिलं. पलीकडचा जिना नेमका डेअरीच्या गाळ्यात उतरतो. म्हणून डेअरीवाला आमच्या बाजूला, फाटकाला लागूनच, गाळा बघतो आहे. सासूबाईंनी ऐकल्याऐकल्या देवापुढे साखर ठेवली.

समोरच्या सोसायटीला अर्थातच हे मंजूर नाही. डेअरी हलू नये म्हणून त्यांनी अर्ज तयार केला आहे. त्यावर आमच्याही सह्या असाव्यात, असं सांगायला त्यांचे सेक्रेटरी काल संध्याकाळी येऊन गेले. गाडी घेऊन आले होते.