तिसरं प्रकरण

नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्या बाईला नातेवाईक सुरुवातीला 'विषय काय?' विचारतात. मग 'झालं का?' विचारतात. त्यानंतर हळदीकुंकवाला वाण हातात ठेवताना नुसता प्रेमाने हात दाबतात. मी सध्या हात दाबण्याच्या टप्प्यावर आहे.

विषय आहे ठाण्यातले तलाव आणि त्यांच्या काठची बदलत गेलेली वस्ती. शिलाहारांच्या काळात इथे साठ तलाव होते असं सांगतात. आज पस्तीसच्या आसपास उरलेत. बाकीचे बुजायला काही शतकं लागली. माझं तिसरं प्रकरण साधारण त्याच गतीने भरत होतं.

शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांनी मला एका ऑनलाइन कार्यशाळेत बसवलं. मोठं लिखाण हातात घेतलं की आधी आपण कोणत्या प्रकारचे लिहिणारे आहोत ते ओळखावं, असा तिचा विषय. प्रकार चार. पहिला बुडी मारणारा: हा विचारबिचार न करता लिहीत सुटतो, आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला लिहून झाल्यावर कळतं. दुसरा मनात मांडणारा: आठवडेच्या आठवडे कागदाला हात लावत नाही, आणि एक दिवस सगळं उतरवून मोकळा होतो. तिसरा आराखडेवाला: आधी मुद्दे, उपमुद्दे, चौकटी, बाण. चौथा गोधडीवाला: जमतील तसे सुटे तुकडे लिहितो आणि मग जोडत बसतो.

हे ऐकल्यावर मी ताबडतोब घरातल्यांची वर्गवारी करायला घेतली. (स्वतःची करायची होती, पण ती पुढे ढकलता येण्यासारखी होती.) नवरा वागळे इस्टेटमध्ये इंजिनीअर, महाबळेश्वरला दोन दिवस जायचं तरी एक्सेलची शीट करतो. आराखडेवाला. लेक बारावीला आहे, पेपर हातात आला की प्रश्न पुरता न वाचता पुरवण्या मागायला लागते. बुडी. सासूबाई मनात मांडणाऱ्या. एखाद्या जावेबद्दल सहा-सहा महिने अवाक्षर काढत नाहीत, आणि मग कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत सगळं एकदम, क्रमवार, पुराव्यांसह. त्यांना पीएचडी करायला हवी होती. मौखिक परीक्षेत त्यांच्यासमोर कुणी टिकलं नसतं.

आणि सर? सर कट्टर आराखडेवाले. फोन उचलला की 'हॅलो'च्या जागी म्हणतात, "मॅडम, आराखडा?"

प्रकार चार असतील तर त्यातला सोयीचा निवडता येत असेल, अशी माझी समजूत होती. मी आधी कार्यशाळेत ऐकलेला ट्रोलप निवडला. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा आणि समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा. नोकरी मलाही आहे, घड्याळही आहे. पण त्याने आत्मचरित्रात लिहिलेली एक गोष्ट कार्यशाळेत कुणी सांगितली नाही. त्याला वेळेवर उठवायला एक म्हातारा मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा नोकर, होता. तो कॉफी घेऊन यायचा आणि त्या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळायचे. आमच्याकडे साडेपाचला पाणी येतं. ते यायच्या आत पिंप धुवायचं, दूधवाल्याला दार उघडायचं, लेकीला क्लाससाठी चार हाका मारायच्या. ट्रोलपचा मोतद्दार मीच होते. फक्त ट्रोलपच्या जागी कुणी नव्हतं.

मग मनात मांडून पाहिलं. त्यासाठी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले. ठाण्याची ही संस्था १८९३ सालची, तिथली शांतताही त्याच वयाची. मी डोळे मिटून तिसऱ्या प्रकरणाची रचना करत होते. समोरचे आजोबा पेपर छातीवर घेऊन तेच करत होते. त्यांचं घोरणं माझ्यापेक्षा सुसंगत होतं.

मग लूमान. निकलास लूमान हा जर्मन समाजशास्त्रज्ञ. त्याने आयुष्यभरात सुमारे ९० हजार चिठ्ठ्या लिहून, क्रमांक घालून लाकडी खणांत ठेवल्या आणि त्यांतून ढीगभर पुस्तकं काढली. १९६९च्या सुमारास विद्यापीठाने त्याला संशोधनाचा प्रकल्प विचारला तेव्हा त्याने लिहून दिलं: विषय समाजाचा सिद्धांत, मुदत ३० वर्षं, खर्च शून्य. आणि १९९७ मध्ये खरंच तो ग्रंथ पुरा केला. मी हे रात्री जेवताना मोठ्या आदराने सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. "तीस?" म्हणाला. त्याने तिथल्या तिथे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीचे २०२२चे नियम मोबाइलवर उघडले. कमाल मुदत ६ वर्षं, त्यावर २ वर्षांची मुदतवाढ, महिलांना आणखी २. "दहाच्या वर नाही जाता येत," तो आईकडे बघून म्हणाला, आणि दोघांनी एकदमच पाण्याचा पेला उचलला.

तरी मी चिठ्ठ्या केल्याच. एका तलावाला एक, फ्रिजवर चुंबकाने लावलेल्या. आमच्या घरात फ्रिजवरचा कोणताही कागद ही सार्वजनिक मालमत्ता असते. सासूबाईंनी एकीच्या पाठीमागे वाणसामान लिहिलं, नवऱ्याने घाईत भलत्याच बाजूचा फोटो काढून वाण्याला पाठवला. वाण्याचं उत्तर आलं: "रवा आहे. सिद्धेश्वर तलाव नाही."

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात येत नव्हती, ती म्हणजे लिखाण होत होतं. घोडबंदर रोडवर. बस मेट्रोच्या खांबांमध्ये अडकली की मी मोबाइल काढून स्वतःलाच व्हॉट्सअॅप करायचे. परीक्षेत सुपरव्हिजन करताना पाठकोऱ्या कागदांवर लिहायचे. मासुंदा तलावाच्या काठावरच्या कोपिनेश्वराच्या देवळाबद्दलचा माझा सगळ्यात बरा परिच्छेद कापूरबावडी ते मानपाडा या टप्प्यात झालाय. तिथे वाहतूक सुरळीत असती तर तो झालाच नसता, तेव्हा ऋणनिर्देशात रस्ता खोदणाऱ्यांचं नाव घालावं की काय, या विचारात आहे. थोडक्यात, मी गोधडीवाली.

गोधडीवाल्यांची अडचण तुकडे नसण्याची नसते, तुकडे फार असण्याची असते. ते सगळे छापून घेतले तर 'मासुंदा तलाव हे ठाण्याचे भूषण होय' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पानावर नव्या उत्साहाने हजर. शिवाय १८८२च्या ठाणे गॅझेटिअरमधून उतरवून घेतलेलं काय आणि माझं स्वतःचं काय, हे बसमधल्या टिपणांत कसं ओळखायचं? यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर प्रबंध सहा महिन्यांत दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. म्हणून उतरवलेलं ते सगळं निळ्या पेनाने अधोरेखित केलं. प्रकरण बरंच निळं झालं. तलावांवर असल्यामुळे ते शोभूनही दिसलं.

मी कागद हातात धरून वरखाली करत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी खरोखरीच्या गोधड्या शिवल्यात. म्हणाल्या, "अगं, हातात धरून काय कळणार? सगळे तुकडे खाली पसर. मोठे आधी लाव, बारके मागाहून. दोन सारखे शेजारी आले तर एक काढून टाक. आणि धावदोरा शेवटपर्यंत एकच ने." शुल्क भरून केलेल्या कार्यशाळेत इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

हॉलची फरशी दोन दिवस तलावमय होती. लेक सिद्धेश्वरवरून उडी मारून कॉलेजला जायची, नवरा उपवनला वळसा घालून चहा घ्यायचा. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात मी एकेक ओळ लिहिली: हा इथे का आहे? ज्याला उत्तर देता आलं नाही तो गेला. मासुंद्याची भूषणं एकावर आली. उरलेल्यांना धावदोरा घातला आणि रविवारी रात्री प्रकरण पुरं झालं.

मग समासातल्या त्या ओळी फक्त वेगळ्या कागदावर उतरवल्या, त्यांना आकडे दिले, दोन चौकटी काढल्या, सर खूश व्हावेत म्हणून तीन बाण काढले आणि वर लिहिलं: 'प्रकरण तिसरे: नियोजित आराखडा'. तो आधी पाठवला. प्रकरण पंधरा दिवस दाबून ठेवलं, मग पाठवलं.

सरांचा फोन आला. "बघा मॅडम, आधी आराखडा केला की लिखाण कसं आपोआप होतं! एक मुद्दा इकडचा तिकडे नाही. हीच पद्धत आता सोडू नका."

"हो सर."

"चौथ्याचा आराखडा सोमवारपर्यंत पाठवा."

सोमवारपर्यंत आराखडा म्हणजे रविवारपर्यंत अख्खं प्रकरण लिहून व्हायला हवं. आज बुधवार आहे, आणि घोडबंदरला नेमकी वाहतूक मोकळी आहे.