फॉर्म बी आणि बंद पंप : एका सेक्रेटरींना उत्तर

"नऊ वर्षं फुकट सेक्रेटरीपद केलं आणि तुम्ही घरबसल्या आम्हालाच आरोपी करताय. टॅक्स भरतो ना आम्ही? मग तपासणी फायर ब्रिगेडने करावी. सरकारने सरळ अंग काढून घेतलंय." इमारतींच्या आगीवरच्या माझ्या लेखात मी सगळा दोष हाउसिंग सोसायट्यांच्या सेक्रेटरींना दिला होता, त्याखाली तुम्ही हे लिहिलंत. रागाने लिहिलंत, पण त्यातला एक मुद्दा मला मान्य करावाच लागणार आहे. त्याकडे येतोच.

आधी माझी चूक. फॉर्म बी, म्हणजे इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू आहे असं सर्टिफिकेट, वर्षातून एकदा द्यायचं, असं मी लिहिलं होतं. तो दोनदा द्यायचा असतो, जानेवारीत आणि जुलैत. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता अंग काढून घेण्याबद्दल. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षणाचा कायदा २००६ चा, अंमलात आला २००८ मध्ये. यंत्रणा बसवायची आणि ती चालू ठेवायची जबाबदारी त्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली. तपासणीचा, नोटीस काढण्याचा अधिकार फायर ब्रिगेडकडे आहेच. मला यात अन्याय दिसत नाही. होज रीलच्या (आग विझवायच्या पाइपाच्या) पेटीत झाडू कोंबलाय, जिन्यात कुणाचं तरी जुनं कपाट उभंय, हे बंबवाल्यांना कसं कळणार? ते आपल्या वॉचमनला रोज दिसतं.

घोळ पुढे आहे. फॉर्म बी देते लायसन्सवाली एजन्सी, आणि ती निवडतो आपणच, सर्वसाधारण सभेत, सगळ्यात स्वस्त कोटेशन बघून. आमच्याकडे माणूस आला, सिलिंडर मोजले, स्टिकर बदलले, चहा घेतला. पंप चालू करून दाखवा म्हटलं तर, "ऑटोवर आहे काका." खाली जाऊन पाहिलं तर पॅनल मॅन्युअलवर, म्हणजे पंप आपोआप सुरू होणारच नाही, आणि डिझेल पंपाची बॅटरी मेलेली. सर्टिफिकेट मात्र तोवर टाइप झालं होतं! ज्याचं बिल आपण मंजूर करतो, तो आपल्याला नापास कसा करेल? लेखात हे मी लिहायला हवं होतं. सगळं खापर सेक्रेटरींवर फोडणं चूकच.

आणि तुमचा तो मुद्दा, सरकारने अंग काढून घेतल्याचा. सोसायट्यांपुरता तो मला पटत नाही, पण सरकारच्या स्वतःच्या इमारतींबाबत पटतो. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशु कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला, किमान ११ रुग्ण दगावले. दोन्हीकडे मालक खुद्द सरकार. सोसायटीला नोटीस पाठवणं सोपं असतं. सरकारने स्वतःच्याच इमारतीला ती पाठवायची म्हणजे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद. इथे तुम्ही बरोबर आहात, शंभर टक्के.

येत्या जुलैत एजन्सीचा माणूस आला की मी वरच्या मजल्यावर हायड्रंटपाशी (आगीसाठीच्या पाण्याच्या नळापाशी) उभा राहणार आहे. व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी जोरात आलं तरच बिलावर सही. तुमच्याकडेही करून बघा, काय निघतं ते कळवा. आणि रागावून सेक्रेटरीपद सोडू नका, दुसरं कोणी घेत नाही ते.