पोटखराबा म्हणून नोंदलेला माळ

आमच्या गावाच्या पश्चिमेचा ओढा ओलांडला की माळ सुरू होतो. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांच्या सीमेवरची ही जमीन मुरमाड आहे, वीत-दीड वीत खणले की कुदळ खडकावर आपटते, आणि पाऊस बेताचाच. कागदोपत्री या जमिनीची नोंद कुठे गायरान, कुठे पोटखराबा म्हणजे लागवडीस अयोग्य, तर कुठे सरळ पडीक अशी आहे. तीस वर्षे मी याच परिसरात शिक्षक होतो आणि तीस वर्षे मुलांना सांगत आलो की हा माळ उजाड आहे, तो हिरवा करणे हे आपले कर्तव्य आहे. ते मी चुकीचे शिकवले, हे आज सर्वांसमोर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण येत्या पावसाळ्याआधी माळावर पुन्हा खड्डे घेण्याची चर्चा गावात सुरू झाली आहे.

आठ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका संस्थेने दिलेल्या देणगीतून माळाच्या मधल्या पट्ट्यात जेसीबीने सलग समतल चर खणले गेले आणि चरांच्या बांधावर रोपे लावायचे ठरले. आखणीसाठी चुना टाकत मी स्वतः पुढे चालत होतो. एका ठिकाणी माळटिटवी ओरडत सारखी आमच्या पायांसमोर येऊ लागली, म्हणून थांबून पाहिले, तर हातभर अंतरावर जमिनीतल्या उथळ खळग्यात चार अंडी होती. मातकट रंगावर काळसर ठिपके आणि भोवती बारीक खड्यांची कड. नजर थोडी हलली की अंडी पुन्हा खड्यांत मिसळून जात. आम्ही त्या जागी दगड रचून खूण केली आणि यंत्राला ती जागा सोडायला सांगितली. संध्याकाळी परत गेलो तेव्हा तेथे चराच्या मातीचा ढिगारा होता. खणणाऱ्याचा त्यात दोष नव्हता, कारण त्याला दिलेल्या नकाशावर ती जागा रिकामीच होती.

गावात मुक्कामाला असलेले एक वृद्ध मेंढपाळ त्या वेळी मला म्हणाले होते, “गुरुजी, झाडं लावा की, कोण नाय म्हणतंय? पण ह्यो माळ मोकळा हाय असं कुणी सांगितलं तुमाला?” तेव्हा मी त्यांना झाडांचे महत्त्व समजावून सांगितले. आज मला त्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, म्हणजे १९७२ च्या अधिनियमात, अधिवासाची जी व्याख्या आहे तिच्यात कोणत्याही वन्य प्राण्याचे नैसर्गिक घर असलेली जमीन, पाणी किंवा वनस्पती यांचा समावेश होतो. या व्याख्येत झाडांची अट नाही, सावलीची नाही आणि हिरवेपणाचीही नाही. तरीही निसर्ग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दाट जंगलच उभे राहते, आणि त्या चित्रात जे बसत नाही ते बिघडलेले, म्हणून सुधारायचे, असे आपण गृहीत धरतो. मूळ अधिवास म्हणजे त्या मातीने, त्या पावसाने आणि तिथल्या चरणाऱ्या जनावरांनी मिळून दीर्घ काळात घडवलेले घर. आमच्याकडे ते घर गवताचे आहे.

हे गवतही एका जातीचे नाही. पवन्या, मारवेल, शेडा, डोंगरी, कुंदा आणि कुसळी ही नावे आमच्या भागातला कोणताही जुना माणूस बोटांवर मोजून दाखवेल. यांतल्या कुसळीकडे मी अलीकडे पहिल्यांदा नीट पाहिले. तिच्या बियाला लांब, काळपट, पिळदार कुसळ असते आणि टोकाला सुईसारखा अणकुचीदार भाग. तळहातावर बी ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब टाकला तर कुसळाचा पीळ उलगडू लागतो आणि बी स्वतःभोवती फिरू लागते. वाळले की पीळ पुन्हा बसतो. दव आणि ऊन यांच्या आळीपाळीने असे फिरत फिरत ते बी मुरमाच्या फटीत शिरते आणि पहिल्या पावसाची वाट पाहते. धोतरात, लोकरीत आणि पायमोज्यांत घुसणारे हे कुसळ आम्ही आयुष्यभर शिव्या घालत उपटले. ज्या जमिनीत खड्डा खणायला आपल्याला यंत्र आणावे लागते, तिथे हे गवत कोणाच्याही मदतीशिवाय स्वतःला पेरते, हे पाहून माझी मान खाली गेली.

“पूर्वी इथे जंगल होते, माणसाने ते तोडले आणि म्हणून माळ झाला,” हा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो मीही वर्गात केलेला आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्याबद्दल तो खरा ठरत नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी जुन्या मराठी वाङ्मयातले, ओव्या-कथांमधले वनस्पतींचे उल्लेख तपासले आणि त्यांतून निघालेले चित्र काटेरी झुडपे व विरळ झाडे असलेल्या गवताळ प्रदेशाचे होते. हा प्रदेश निदान साडेसातशे वर्षे तरी असाच आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात कान्होपात्रेच्या समाधीच्या जागी तरटीचे झाड उगवले, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तरटी हे उघड्या, कोरड्या माळावरचे झाड आहे. संतकथेला जे झाड सहज सुचले ते याच भूमीतले होते, आणि आम्ही मात्र आमच्या माळावर मुळात मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे गिरीपुष्प लावले.

रोपांचे पुढे काय झाले तेही सांगतो. बहुतेक रोपे दुसऱ्या उन्हाळ्यात जळून गेली. जी जगली त्यांच्या पट्ट्यात गवत विरळ झाले, चरांच्या कडेने वेडी बाभूळ शिरली, आणि तिथे आता ना मेंढी चरते ना चंडोल उतरतो. गवताळ जमिनीतला कर्ब मुख्यतः मुळांत आणि मातीत साठलेला असतो. ती माती उलटीपालटी करून वर काही वाळकी खोडे उभी केली, तर वातावरणाचा हिशोबही फायद्याचा होत नाही. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीचे वार्षिक उद्दिष्ट २ कोटींपासून ३३ कोटींपर्यंत गेले होते. झाडांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, परंतु उद्दिष्ट रोपांच्या संख्येत ठरले की सर्वांत आधी मोकळी जागा शोधली जाते, आणि मोकळी जागा म्हणून प्रत्येकाचे बोट माळाकडेच जाते. सौरप्रकल्पांचेही तेच होत आहे.

संरक्षण कसे करू नये, याचे उदाहरणही सोलापूर जिल्ह्यानेच पाहिलेले आहे. नान्नजच्या माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेकडो गावांची शेते, रस्ते आणि वस्त्या आल्या, जमिनींच्या व्यवहारांवर बंधने आली, आणि ज्या पक्ष्याला राखायचे त्याचे नाव काढले तरी लोकांच्या कपाळावर आठ्या पडू लागल्या. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. दरम्यान माळ ऊस, वसाहती आणि विजेच्या तारा यांच्यात वाटला गेला होता. मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणारा आणि समोरची तार वेळेत न दिसणारा हा पक्षी या सगळ्यापुढे टिकणार तरी कसा होता? आज देशात मोकळ्या माळावर सुमारे दीडशेच माळढोक उरले आहेत आणि आपल्या राज्यात एखादा दिसला तरी त्याची बातमी होते. त्यामुळे नकाशावर मोठी रेघ ओढून लोकांना वैरी करण्यापेक्षा, ज्यांचे पोट माळावर आहे त्यांच्या हाती तो राखणे मला शहाणपणाचे वाटते.

असे लोक आहेत. धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरता तळ, पिढ्यान्‌पिढ्या या माळांवरून फिरत आला आहे. शेतकरी मेंढ्या शेतात बसवून घेतो, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो आणि त्याच्या जमिनीला लेंडीखत मिळते. लांडगा मेंढी उचलतो, तरीही “त्याचा वाटा त्यानं नेला” असे म्हणणारे मेंढपाळ मला भेटले आहेत. भरपाई वेळेवर मिळाली तर ही सहनशीलता टिकेल, अन्यथा तीही संपेल. गावाबाहेर टाकलेल्या उकिरड्यांवर वाढणाऱ्या भटक्या कुत्र्यांचा धोका तर वेगळाच आहे, कारण पुणे जिल्ह्यातल्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे. कचऱ्याचा प्रश्न आणि लांडग्याचा प्रश्न एकच असतो, हे मला फार उशिरा समजले.

आशेला जागा नाही असेही नाही. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य केवळ पाच चौरस किलोमीटरचे आहे आणि रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य तर त्याच्या निम्म्याहूनही लहान, तरीही तिथे चिंकारा आणि काळवीट आज पाहायला मिळतात. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामतीजवळच्या शिर्सुफळला वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, म्हणजे माळ पाहायला लोक पैसे देऊन येतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालकांचे वर्ष म्हणून जाहीर केले आहे. आमच्या ग्रामसभेत हा मुद्दा मांडण्यासाठी याहून योग्य वेळ मला सुचत नाही.

माझी मागणी साधी आहे. झाडे जरूर लावावीत, पण ती ओढ्याच्या काठी, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या दुतर्फा आणि शेताच्या बांधावर. माळावर नवा चर खणू नये, आणि जिथे हिवर, बोर, तरटी आपोआप उगवली आहेत तिथे ती तशीच राहू द्यावीत. माळाचे तीन भाग करून पावसाळ्यात आळीपाळीने एकेक भाग चराईपासून राखावा, गवताला बी धरू द्यावे आणि दसऱ्यानंतर कापणी करावी. कुरण राखण्याची ही रीत आमच्या आजोबांच्या वेळी गावात होतीच. चराईचे दिवस ठरवताना मेंढपाळांना बैठकीला बोलवावे. वेडी बाभूळ मात्र मुळासकट काढावी, त्यासाठी मी आणि माझे काही जुने विद्यार्थी श्रमदान करायला तयार आहोत. ठरावाचा मसुदा मी लिहिला आहे आणि त्यात ‘पडीक जमीन’ या शब्दांच्या जागी ‘गवताळ कुरण’ असे घातले आहे. परवा सकाळी तो घेऊन सरपंचांकडे जाणार आहे. माळाच्या जुन्या चराईच्या वाटा आणि गवतांची नावे ज्यांना आठवतात त्यांनी त्याआधी मला कळवावे, म्हणजे ती मसुद्याला जोडता येतील.