‘२०१८ नंतरचं फॅड’? मग आम्ही व्हूडूत काय करत होतो?

जून, म्हणजे समलिंगी-तृतीयपंथीयांचा ‘प्राइड’ महिना आला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आमच्या शाळेच्या ग्रुपवरही आला. म्हणणं असं: मुंबईतले गे बार आणि ड्रॅग शो हे २०१८ च्या निकालानंतर पश्चिमेकडून आलेलं फॅड, तेही पैसेवाल्यांचं. पुरुषाने बाई होऊन नाचणं आपल्याकडे कधी नव्हतं. आणि आता गल्लोगल्ली हेच सुरू आहे.

आधी तारखा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. ‘बॉम्बे दोस्त’ हे आमचं मासिक निघालं १९९० मध्ये, आमच्यासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४ चा. कुलाब्यात आर्थर बंदर रोडवरच्या व्हूडूत शनिवारची रात्र नव्वदच्या दशकापासून आम्हा गे मंडळींची होती. फक्त शनिवारची, बरं का. बाकीचे दिवस तो पब नेहमीच्या गिऱ्हाइकांचा. त्याच जागी पूर्वी स्लिप डिस्क नावाचा डिस्को होता आणि १९७२ मध्ये लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे दोघे तिथे वाजवून गेले होते. पश्चिमेकडून आलेलं म्हणायचं तर ते घ्या.

पैसेवाल्यांचं? विमानतळाजवळच्या ललित हॉटेलात, किटी सू नाइटक्लबमध्ये ड्रॅग बघायचं तर खिसा गरम लागतो, हे कबूल. पण व्हूडूत साडेअकरा वाजून गेले की निम्मी पोरं घड्याळ बघायला लागायची. आमच्यातला एकजण कापडबाजारात कारकून होता. टॅक्सीत बसल्या बसल्या तो व्हॅसलीन लावून रुमालाने काजळ पुसायचा, झगमगीत टीशर्टवर चौकड्यांचा शर्ट चढवायचा आणि व्हीटीला शेवटची कर्जत पकडायचा. पापणीच्या कडेला थोडं काजळ राहायचंच. घरी सांगितलेलं असायचं, स्टॉक मोजायला थांबलो होतो.

आता ड्रॅग. इथे आपली माणसं लगेच बालगंधर्वांना पुढे करतात. मला ते पटत नाही. ते पुरुष आहेत हे प्रेक्षक विसरायचे, बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या. ड्रॅगमध्ये विसरून चालत नाही, गंमतच त्यात आहे. तुलना करायचीच तर तमाशातल्या नाच्याशी करा: तोच ठसका, तेच टोमणे. गणपत पाटलांनी तो पडद्यावर असा वठवला की लोक त्यांना घरीदारीही तसंच समजू लागले. किंमत त्यांनी मोजली.

मग पार्ट्यांत ड्रॅग इतक्या उशिरा का दिसलं? कारण आम्हीच अडवलं होतं. शहरातल्या कितीतरी गे पार्ट्यांचा नियमच होता: नो ड्रॅग. पोलिसांची धास्ती होती. तेव्हाच्या मुंबई पोलीस कायद्यातलं कलम ११०, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन, कशालाही लावता येतं. पण नुसती धास्ती नव्हती. आम्हाला चारचौघांसारखं दिसायचं होतं. साडी नेसून आलेल्या कोतीला, म्हणजे बायकी वळणाच्या पुरुषाला, दारावरून परत पाठवलेलं मी पाहिलंय. मी आत होतो आणि नाचत राहिलो.

राहिलं गल्लोगल्ली. व्हूडू केव्हाच बंद झालं. मेसेज लिहिणाऱ्याने त्या गल्ल्यांचे पत्ते तेवढे कळवावेत. शनिवारी मी मोकळाच असतो.