पाला जरा कापून घेऊन आलो

परवा केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका तरुण शिक्षकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, माझ्या वर्गात पाच पोरं घरी कन्नड बोलतात, दोघं उर्दू, तिघं बिहारहून एमआयडीसीत कामाला आलेल्या कुटुंबांतली. यांची मराठी कच्चीच राहते. पालकांना सांगू का, घरीसुद्धा मराठीच बोला म्हणून?"

तेवढ्यात पुढचं सत्र सुरू झालं आणि मी "नको, असं सांगू नकोस" एवढंच म्हणू शकले. का नको, ते सांगायचं राहिलं. ते इथं लिहिते. लांब होणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

सुरुवात कुपवाडपासून करते. मिरज-सांगलीच्या लोकांना कुपवाड म्हटलं की एमआयडीसी आठवते आणि १९९८ पासूनची महानगरपालिका. पण जगात कुठंही भाषाशास्त्र शिकणाऱ्या माणसाला हे गाव माहीत असतं. 'कुपवार' या नावानं ते त्यांच्या पाठ्यपुस्तकांत आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी इथल्या बोलण्याचा अभ्यास केला आणि १९७१ साली त्यांचा लेख छापून आला. तेव्हा हे जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव होतं. जैन आणि लिंगायतांच्या घरात कन्नड, मुसलमानांच्या घरात उर्दू, दलित कुटुंबांत मराठी आणि दोर वळणाऱ्यांच्या घरात तेलुगू. गावात बहुतेक पुरुषांना यातल्या दोन-तीन तरी भाषा येत होत्या आणि हे कित्येक पिढ्या चालत आलेलं होतं.

त्यांनी नोंदवलेलं एक साधं वाक्य बघा.

मराठी: पाला जरा कापून घेऊन आलो.
उर्दू: पाला जरा काट के ले के आया.
कन्नड: तपला जरा खोदी तगोंडी बयन.

एकाखाली एक ठेवून वाचा. शब्दाखाली शब्द बसतो. 'जरा' तर तिन्हीत तोच. मराठी आणि उर्दू एका कुळातल्या, कन्नड पूर्ण वेगळ्या कुळातली. तरी या गावात शेतात, बांधावर, बाजारात एकमेकांशी बोलता बोलता तिन्हींच्या वाक्याचा सांगाडा जवळजवळ एक झाला. माणसं भाषा बदलत तेव्हा शब्द बदलत, रचना तीच राही. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द असतात, म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून आणि ऐकणाऱ्याला धरून. कुपवाडच्या उर्दूनं हा भेदसुद्धा उचलला होता.

मी हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा चाळिशी ओलांडली होती, आणि वाचताना डोळ्यांत पाणी आलं. कारण माझं माहेर असंच. आज्जी दारातूनच कन्नडमध्ये विचारायची, "ऊट आतेन?" म्हणजे जेवण झालं का? वडील दुकानात मराठी, शेजारच्या चाचांशी उर्दू. मला तिन्ही कधी शिकल्या ते आठवत नाही. आणि शाळेत पहिल्याच आठवड्यात मी "बाई, मी आलो" म्हटलं म्हणून सगळ्या वर्गासमोर उभं राहावं लागलं. "मुलगी आहेस ना? आले म्हण." आमच्या भागात बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. कन्नडमध्ये 'मी' म्हणताना बाई आणि पुरुष असा फरक क्रियापदात नसतोच, 'नानु बंदे' दोघांचंही. माझ्या मते आमच्या 'आलो'मागं ही शेजारच्या भाषेची सावली असणार. पण सहा वर्षांच्या मला एवढंच कळलं की माझ्या घरात चुकीचं बोलतात. पुढं कित्येक वर्षं मैत्रिणी घरी आल्या की मी आज्जीला हळू आवाजात बोलायला सांगायचे. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

कुपवाडचं कौतुक करताना त्यातली दुसरी बाजू झाकायला नको, ती त्या लेखातच आहे. इतकी जवळीक असूनही या भाषा एकमेकींत विरघळून एक का झाल्या नाहीत? कारण शेतात एकत्र असलेली माणसं घरात वेगवेगळी राहिली. जातीची, धर्माची भिंत उंबऱ्याशी होती आणि घरची भाषा त्या भिंतीच्या आत टिकली. वेगवेगळ्या गटांची माणसं एकमेकांशी मराठीत बोलत, कारण मराठी जमीनदार जैनांचीही नव्हती आणि मुसलमानांचीही नव्हती, म्हणून ती दोघांना चालायची. ती ज्यांच्या घरची होती त्यांच्याकडे जमीन नव्हती. बहुभाषिकतेवर बोलताना 'पूर्वी सगळे कसे गुण्यागोविंदानं' असा सूर लागतो तेव्हा मला हे आठवतं. सुमारे चाळीस वर्षांनी डेक्कन कॉलेजमधून या गावाचा पुन्हा अभ्यास झाला आणि शब्दाला शब्द जुळण्याचा तो सिद्धांत सगळ्या बोलणाऱ्यांना सारखा लागू पडतो का, हे नव्यानं तपासलं गेलं. शाळा मराठीची, राज्य मराठीचं, म्हणजे गावातल्या भाषांचं वजनही आता पहिल्यासारखं नाही.

आता वर्गाकडे येते.

माझी पहिली नेमणूक शिक्षणसेवक म्हणून मेळघाटात, धारणी तालुक्यात झाली. मुलं कोरकू. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, तिचं नातं झारखंडकडच्या संथाळी, मुंडारीशी, मराठीशी काहीच नाही. मी मराठी शाळेत मराठी पुस्तकातून शिकवत होते आणि दुसरीतला एक मुलगा चार महिने एक शब्द बोलला नाही. मी नोंदवहीत लिहिलं, 'प्रतिसाद नाही, मंद वाटतो.' माझ्याच अक्षरात. मग एका आठवडी बाजारात तो बापाबरोबर मोह विकायला बसलेला दिसला. व्यापाऱ्याशी हिंदीत भाव करत होता, बापाला कोरकूत आकडे सांगत होता, आणि व्यापाऱ्यानं कमी दिलेले दोन रुपये त्यानं मागून घेतले. मी तिथून तशीच परतले.

सोमवारी पाचवीतल्या एका मुलीला दुसरीत आणून बसवलं. मी फळ्यावर वजाबाकी मांडायची, तिनं कोरकूत सांगायचं. हातचा घेणं मी तीन महिने मराठीतून डोकं फोडून सांगत होते, ते तिनं खडे घेऊन दोन दिवसांत सांगितलं. आणि महत्त्वाचं हे की मग मराठीत ते पुन्हा शिकवावं लागलं नाही. हातचा त्यांना आला होता, मला फक्त मराठी शब्द द्यायचे राहिले होते.

याला शास्त्रात नाव आहे हे मला फार नंतर कळलं. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं. दोन भाषांसाठी डोक्यात दोन वेगळ्या कोठ्या नसतात, खाली पाया एकच असतो. एका भाषेत समजलेलं दुसरीत जातं, म्हणून घरची भाषा जितकी भक्कम तितका शाळेच्या भाषेला आधार. त्यांचं आणखी एक म्हणणं त्या तरुण शिक्षकानं भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. खेळण्या-बोलण्याची भाषा मुलाला वर्ष-दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, 'कारणे द्या'ची भाषा यायला पाच वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात. मैदानात फाडफाड मराठी बोलणारं पोर परीक्षेत अडकतं तेव्हा आपण त्याला आळशी म्हणतो. ते आळशी नसतं, अजून रस्त्यात असतं.

'दोन भाषांनी मूल गोंधळतं' ही समजूत कुठून आली? एकेकाळी संशोधनातूनच. १९२३ मध्ये वेल्समध्ये झालेल्या एका अभ्यासानं दुभाषी मुलं मागं असतात असं सांगितलं होतं, पण त्यात खेड्यातल्या आणि शहरातल्या मुलांच्या परिस्थितीतला फरक नीट धरलेला नव्हता. १९६२ मध्ये मॉन्ट्रियलला पील आणि लॅम्बर्ट यांनी आर्थिक-सामाजिक परिस्थिती सारखी असलेली मुलं घेतली, तर उलटं निघालं. आपल्याकडे अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कोंध मुलांवर काम केलं. एकच जमात, सारखीच गरिबी, पण काही गावांत त्यांची कुई भाषा टिकलेली आणि काही गावांत फक्त ओडिया उरलेली. कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुलं सरस निघाली. आणि २०१३ मध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेत स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, आणि कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही फरक दिसला. आज्जीच्या तीन भाषा काही वाया गेलेल्या नव्हत्या.

मग आपण काय करतो? संविधानात कलम ३५० क १९५६ पासून आहे, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असं ते सांगतं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्यतो पाचवीपर्यंत घरची भाषा म्हणतं. २०११ च्या जनगणनेत देशभरात कोरकू बोलणारे सात लाखांहून जास्त, गोंडी जवळपास तीस लाख, भिली एक कोटीच्या वर. ओडिशानं २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत पहिलीची पुस्तकं करायला घेतली. आपल्या राज्यात एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला तेव्हा मीही विरोधात होते, सह्यांच्या निवेदनावर माझी सही आहे. सहा वर्षांच्या मुलावर अनोळखी भाषा लादू नका, हे आपलं म्हणणं होतं. जूनअखेर निर्णय मागं घेतला गेला, बरं झालं. पण त्या सगळ्या महिन्यांत मला एकच प्रश्न छळत होता. धारणीतल्या, धडगावातल्या, भामरागडमधल्या मुलाला पहिलीच्या पहिल्या दिवशी अनोळखी भाषा कोणती भेटते? मराठी. माझ्या या मायमराठीवर माझा जीव आहे, म्हणूनच तिच्या नावानं कुणाचं पोर गप्प बसलेलं मला बघवत नाही.

तर त्या शिक्षकासाठी. पालकांना सांग, घरी तुमच्या भाषेतच बोला, भरपूर बोला, गोष्टी सांगा. वर्गात कन्नडवाल्या पाच पोरांना एकत्र बसून गणितावर कन्नडमध्ये बोलू दे, उत्तर मराठीत माग. तुला कन्नड यायलाच पाहिजे असं नाही, मला कोरकू कधीच धड आली नाही. बिहारच्या पोरांना विचार, घरी हिंदी बोलता का भोजपुरी, का मैथिली? ते नाव नीट विचारलं तरी पोर मान वर करतं. तूप, अण्णा, अक्का हे शब्द कन्नडमधून मराठीत आले हे एकदा फळ्यावर लिही आणि त्या पाच पोरांचे चेहरे बघ. मी गेल्या वर्षी लिहिलं होतं. त्यातली एक मुलगी दुसऱ्या दिवशी आज्जीला विचारून आणखी अकरा शब्द घेऊन आली. त्यातले चार चुकीचे होते, ते आम्ही शब्दकोशात शोधत बसलो आणि परिसर अभ्यासाचा तास त्यातच गेला.

आणि कुपवाडच्या जुन्या गावठाणातल्या लोकांना एक विनंती. तुमच्या घरात कुणी थकलेले आजोबा-आज्जी अजून ते जुनं बोलणं बोलत असतील, तर त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. दोर वळणाऱ्या घरांतलं तेलुगू तर मी कधी ऐकलंच नाही. मला मेसेज करा, रविवारी मला सुट्टी असते, मी येते.